एक घर सरकवून बघ

सायलॅब सॉफ्टवेअरच्या खिडकीत उत्तर उमटलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मॅच झालं. प्रिंट काढू?"

तिसऱ्या वर्षाची बॅच, दुपारचं प्रॅक्टिकल, विषय सीडीएमए, म्हणजे वेगवेगळे कोड देऊन अनेक फोनना एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलू देणारी पद्धत. पाठवलेले बिट आणि मिळालेले बिट जुळले की जर्नलात ग्राफ चिकटवायचा, खाली निष्कर्षाची ठरलेली ओळ लिहायची आणि चहाला पळायचं. ही रीत मी शिकत होते तेव्हाही हीच होती आणि मीही पळाले आहे. त्या दिवशी मात्र त्याला म्हटलं, "काढ. पण आधी दुसऱ्या फोनचा कोड एक घर उजवीकडे सरकवून बघ."

प्रोग्रॅम छोटासाच होता. चार-चार चिपांचे, म्हणजे चार-चार घरांचे, चार वॉल्श कोड: १, १, १, १, मग १, −१, १, −१, मग १, १, −१, −१, आणि शेवटी १, −१, −१, १. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर पुढचं सगळं हातानेही होतं. फोन 'अ'ला दुसरा कोड दिलाय आणि त्याला १ पाठवायचाय, म्हणून तो कोड जसाच्या तसा सोडतो. फोन 'ब'कडे तिसरा कोड. त्याला −१ पाठवायचाय, म्हणून तो कोड उलटा करून सोडतो: −१, −१, १, १. दोघं एकाच वेळी, एकाच फ्रीक्वेन्सीवर. हवेत त्यांची बेरीज होते: ०, −२, २, ०. या खिचडीला 'अ'च्या कोडने घराघराने गुणून बेरीज केली की येतात ४, चाराने भागले की १. 'ब'च्या कोडने −४, म्हणजे −१. आणि कुणालाच न दिलेल्या चौथ्या कोडने बरोबर शून्य. खिचडीतून डाळ-तांदूळ पुन्हा वेगळे झाले.

आता 'ब' एक चिप उशिरा पोचला आणि तोच बिट पाठवत राहिला, असं धरू. बेरीज होते २, −२, ०, ०. 'अ'चं उत्तर अजूनही १. 'ब'चं शून्य. आणि चौथ्या कोडवर चक्क ४! 'ब'चा निरोप त्याच्या खात्यात आलाच नाही. जो हजरच नव्हता त्याच्या खात्यात जमा झाला, तोही उलटा होऊन.

"मॅडम, हे भूत कुठनं आलं?"

प्रिंट काढायची घाई संपली होती. तीन-चार डोकी त्या स्क्रीनवर वाकली.

सीडीएमए शिकवताना सगळेच रेल्वेच्या डब्याची उपमा देतात. एका डब्यात कुणी कानडी बोलतंय, कुणी गुजराती, कुणी मराठी. आपल्या कानाला आपली भाषा बरोबर सापडते. मीही वर्षानुवर्षं दिली. पण तिच्यात खोट आहे. मराठी वाक्य एक अक्षर उशिरा सुरू केलं म्हणून त्याचं कानडी होत नाही. वॉल्श कोडाचा मात्र एक घर सरकला की दुसराच कोड होऊ शकतो आणि उपमा तिथे गप्प बसते.

आयएस-९५ या सीडीएमए मोबाईलच्या पहिल्या मानकात सेकंदाला १२,२८,८०० चिप जातात. म्हणजे एक चिप एका मायक्रोसेकंदाहूनही कमी, आणि तेवढ्यात रेडिओलहर सुमारे २४४ मीटर पुढे जाते. कुणी टॉवरच्या पायथ्याशी, कुणी दोन किलोमीटरवर. सगळ्यांचे चिप टॉवरपाशी ताल धरून पोचणं अवघडच. म्हणून या मानकात ६४ वॉल्श कोडांवर माणसं वाटली ती फक्त टॉवरकडून फोनकडे जाताना, कारण तिथे सगळे कोड एकाच ठिकाणाहून, एकाच ठोक्यावर निघतात. उलट दिशेला प्रत्येक फोनची ओळख ठरते ती एका प्रचंड लांब कोडवरून. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला साधारण ४१ दिवस लागतात. त्यात शून्य कधी मिळत नाही, थोडी कुजबुज उरते. पण ताल चुकला म्हणून भूत उभं राहत नाही.

ही कुजबुजही बघायची होती. दर बिटाला १२८ चिपांचे नवे यादृच्छिक कोड घेतले, हजार बिट पाठवले. दोन्ही फोन सारख्याच जोराने बोलले तेव्हा एकही चूक नाही. मग 'ब'चा आवाज दसपट केला: 'अ'चे सव्वाशेच्या आसपास बिट चुकले. शंभरपट केला: साडेचारशेच्या वर. नाणं उडवून अंदाज केला असता तरी पाचशेच चुकले असते. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे टॉवरखाली उभा असलेला माणूस सगळ्या गावाला गप्प करणार." तिने पुस्तकातला 'निअर-फार' हा शब्द वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. प्रत्येक फोनला टॉवर सेकंदाला ८०० वेळा 'हळू बोल, मोठ्याने बोल' असं का सांगत असे, हे तिला आज कळलं.

तयार ॲप्लेट असतात, सरकपट्टी ओढली की रंगीत ग्राफ हलतो. मला ते आवडत नाहीत. मुलं पट्टी ओढतात, छान म्हणतात, विसरतात. स्वतः लिहिलेल्या वीस ओळींत चूक शोधताना जे कळतं ते पट्टी ओढून कळत नाही. सायलॅब फुकट आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पामुळे त्याचं शिक्षणसाहित्यही भरपूर आहे, पायथनही चालतं. भरमसाट महाग सॉफ्टवेअरचं इथे काही अडलेलं नाही.

या मुलांनी सीडीएमए फोन पाहिलेला नाही. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत हातात दिलेला, सिमकार्ड नसलेला फोन त्यांच्या आईबाबांच्या आठवणीत आहे, टाटा इंडिकॉमची टेबलावरची वॉकीही. ती जाळी बंद झाली. मग हे शिकायचं कशाला, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. उत्तर गच्चीवर आहे.

एका संध्याकाळी संगणकाला लावायचा रेडिओ पकडणारा छोटा आरटीएल-एसडीआर डोंगल आणि जीपीएसचा चौकोनी अँटेना घेऊन वर गेलो. अँटेनाखाली धातूचा पत्रा हवा म्हणून कुणीतरी डब्याचं स्टीलचं झाकण ठेवलं. १५७५.४२ मेगाहर्ट्झवर काही सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं. स्क्रीनवर नुसता गोंगाट. जीपीएसचा संदेश त्या गोंगाटाच्या जवळपास शंभरावा भाग असतो, डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. सगळे उपग्रह एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलतात, प्रत्येकाचा १०२३ चिपांचा कोड वेगळा. मुलांनी पायथनमध्ये एकेका उपग्रहाचा कोड घेतला, एकेक घर सरकवत गुणत गेले. बराच वेळ सपाट रेघ. मग एका कोडला, एकाच जागी, उंच सुळका.

बाजूचं घर पाहिलं तर काही नाही. एका घराने चुकलात तर उपग्रह नाहीच. प्रॅक्टिकलमध्ये जी चूक होती, तीच इथे मोजपट्टी: किती घरं सरकवलं यावरून वेळ, वेळेवरून अंतर. नाविक या आपल्या दिशादर्शन प्रणालीचे उपग्रहही याच तत्त्वावर चालतात. आणि सीडीएमएचे टॉवर एकमेकांशी ताल जुळवायला घड्याळ घेत होते ते जीपीएसकडूनच.

आमच्या जर्नलात आता या प्रॅक्टिकलला दोन ग्राफ लागतात, एक जुळलेला आणि एक बिघडवलेला. व्हायवाला मी दुसऱ्यावरच विचारते.