फेरफाराची नोंद

प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ येऊ लागली, की आमच्या छत्रपती संभाजीनगरात, डोंगराच्या पायथ्याशी 1958 साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात, संशोधक विद्यार्थी भेटताक्षणी एकमेकांना विचारतात, 'प्लेजरिझम किती आलं?' उत्तर 'नऊ टक्के' असे आले, तर सांगणाऱ्याचा जीव भांड्यात पडलेला असतो. कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, 40 टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, 60 टक्क्यांपर्यंत वर्षभराची मनाई होते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. हे विनियम आवश्यकच होते. परंतु ज्या पापाची मोजदाद ते करतात, ते संशोधनातील सर्वांत मोठे पाप नव्हे.

संशोधनातील गैरवर्तनाचे तीन प्रकार सामान्यतः मानले जातात आणि अमेरिकी शासनानेही 2000 साली आपल्या व्याख्येत तेच घेतले: जो प्रयोग केलाच नाही त्याची आकडेवारी रचणे ही बनावट, केलेल्या प्रयोगाचे आकडे वा चित्रे बदलणे किंवा गैरसोयीचे निष्कर्ष गाळणे हा फेरफार, आणि दुसऱ्याचे शब्द वा कल्पना आपल्या म्हणून मांडणे हे वाङ्मयचौर्य, म्हणजेच प्लेजरिझम. प्रामाणिक चूक आणि मतभेद यांना त्या व्याख्येने कटाक्षाने बाहेर ठेवले आहे, आणि ते योग्यच आहे. वाङ्मयचौर्याने मूळ लेखकाचे श्रेय बुडते. परंतु खोट्या आकड्यांवर दुसरा संशोधक आपली उमेदीची वर्षे खर्च करतो आणि औषधाचा प्रश्न असेल तर त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते. असे असूनही आमचे 2018 चे विनियम वाङ्मयचौर्यापुरतेच आहेत, आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेला खोटा आकडा साम्य शोधणाऱ्या यंत्राच्या चाळणीतून निर्वेध पार होतो.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील प्रकरण या संदर्भात आठवते. तेथील एका प्रयोगशाळेचा कर्करोगाच्या पेशींतील प्रथिनांविषयीचा लेख 2005 साली 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे निनावी पत्रांद्वारे आक्षेप आला, की त्यातील काही चित्रे त्याच प्रयोगशाळेच्या आधीच्या लेखातील असून केवळ त्यांची नावे बदललेली आहेत. ही चित्रे म्हणजे फिल्मवर उमटलेल्या काळ्या पट्ट्यांच्या रांगा. पट्टी जितकी गडद, तितके प्रथिन अधिक, असा त्यांचा सर्वसाधारण अर्थ. सामान्य वाचकाला सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतील. पण जाणकाराची दृष्टी पट्टीच्या झिजलेल्या कडेवर, पार्श्वभूमीवरच्या एखाद्या ठिपक्यावर खिळते, कारण दोन वेगळ्या प्रयोगांत तोच ठिपका त्याच जागी उमटणे दुरापास्त असते. नामांकित शास्त्रज्ञ जी. पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखालील समितीला गैरप्रकार आढळला नाही. नियतकालिकाने मात्र 2007 साली लेख मागे घेतला, आणि 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज' या स्वयंसेवी संस्थेने आपल्या तपासात गैरवर्तनाचा निष्कर्ष काढला. एकाच दस्तऐवजाविषयी असे परस्परविरोधी निवाडे झाल्यावर अपील ऐकणारे वैधानिक पीठ देशात नव्हते. आरोप झालेल्या शास्त्रज्ञालाही निर्विवाद इन्साफ मिळाला नाही आणि आक्षेप घेणाऱ्यालाही नाही. माझ्या मते या प्रकरणातली खरी हानी हीच.

फेरफार हा शब्द मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला परका नाही. सातबाऱ्यावरचे नाव बदलायचे, तर तलाठी दफ्तरात फेरफाराची नोंद होते, तिला क्रमांक पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर सुनावणी होते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित अथवा रद्द करतात आणि त्यांचा हुकूम मान्य नसेल त्याला प्रांताकडे अपिलाची वाट मोकळी असते. या व्यवस्थेतही लबाड्या होतात, हे मी नाकारीत नाही. परंतु बदल कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे केला हे दफ्तर उघडून विचारता येते. प्रयोगशाळेतले असे दफ्तर म्हणजे संशोधकाची नोंदवही: पृष्ठक्रमांक घातलेली, रोजच्या रोज तारीख पडलेली, जिच्यात चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो, तर वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मारून शेजारी सही करायची असते. चौकशी समितीसमोर मूळ फिल्म आणि ही वही असेल, तरच तिला काही ठरवता येते. नसेल, तर कितीही विद्वान सभासद नेमले तरी ते अखेर छापील चित्राकडे पाहून तर्क करणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मौखिक परीक्षेच्या दिवशी टक्केवारीचा दाखला टेबलावर असतो, त्याच्या शेजारी ती वहीही ठेवली जावी, आणि परीक्षकाने मधलेच एखादे पान उघडून, खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवून, त्या दिवशी काय झाले होते ते विद्यार्थ्याला विचारावे.