चुलीचा पाईप शेवटचा कधी साफ केला होता?



डहाणूच्या किनाऱ्यावर औष्णिक वीज केंद्राची चिमणी आहे. २७५ मीटर उंच. बाजाराला, दवाखान्याला, कोर्टकचेरीला डहाणूला जाणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली आहे. १९९१ साली केंद्र सरकारने आपला डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली खास प्राधिकरण नेमले गेले, आणि त्या चिमणीतून निघणाऱ्या धुरातला गंधक काढण्याचे यंत्र कंपनीला बसवावे लागले. म्हणजे त्या चिमणीवर लक्ष ठेवायला माणसे आहेत, मोजमाप आहे, कागद आहेत.

आता आपल्या घरात या. चुलीच्या मागून भिंतीला धरून एक तीन-चार इंची पाईप वर गेलेला आहे. आपल्याकडे कुणी त्याला धुरांडे म्हणत नाही, ‘पाईप’च म्हणतात. तो बसवला त्या दिवसानंतर त्याच्या आत कुणी डोकावले आहे का? कासा, चारोटी, सायवन, तलासरी, जिथे जिथे मी शेतीच्या कामाने जातो, तिथे हा प्रश्न विचारतो. बहुतेक ठिकाणी माणसे हसतात. ‘पाईप साफ करायचा असतो होय साहेब?’

करायचा असतो. नाहीतर पाईप नसलेला बरा.

मला कुणी म्हणेल, कृषीवाल्याने पीक, खत, बियाणे सांगावे, चुलीत कशाला शिरावे? पण चूल आणि शेती यांचा संबंध आपल्या भागात फार जवळचा आहे. शेणाच्या गोवऱ्या, पाला, फांद्या चुलीला किती आणि राबाला किती, याची ओढाताण दर साली होते. चूल नीट ओढत नसेल तर सरपण जास्त जळते, म्हणजे राबाचे आणि खताच्या खड्ड्याचे कमी होते. शिवाय बियाण्याचाही यात एक मुद्दा आहे, तो पुढे सांगतो.

आधी थोडा इतिहास. धूर बाहेर काढणारी सुधारित चूल काही नवीन नाही. केंद्र सरकारने १९८३ साली प्रात्यक्षिक म्हणून आणि पुढे १९८५ पासून देशभर राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम चालवला. २००२ पर्यंत तो चालला आणि देशात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना त्या ‘निर्धूर चुली’ आठवत असतील. आमच्या घरीही एक होती. मी तेव्हा शाळेत होतो. पहिले वर्षभर आई खूष होती. मग पावसाळ्यात धूर उलटा घरात यायला लागला. आम्ही काय केले? पाईपच्या तोंडाला चिखल थापला आणि पुढच्या बाजूला तीन दगडांची चूल मांडली. पुढे कित्येक वर्षे त्या पाईपला खुंटी समजून वडील टोपी अडकवत. पुढे पदविकेला शिकताना कळले की पाईपमध्ये काजळी तुंबली होती, एवढेच झाले होते. दोष चुलीचा नव्हता, आमचा होता.

हे फक्त आमच्या घरी झाले असे नाही. ओडिशात ४४ गावांतल्या अडीच हजारांहून जास्त कुटुंबांत अशा पाईपवाल्या चुलींचा अभ्यास झाला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षे पाठपुरावा केला. (यातल्या डुफ्लो बाईंना पुढे २०१९ साली नोबेल मिळाले.) त्यांना काय दिसले? पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फायदा राहिला नाही. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, दुरुस्ती-साफसफाई झाली नाही, आणि हळूहळू चुली मोडीत निघाल्या. चूल चांगली, योजना चांगली, पण ‘साफ कोण करणार’ हे कुणाचेच काम नव्हते.

पाईप तुंबतो कसा ते समजून घ्या. लाकूड जळताना सगळेच जळून जात नाही. न जळलेला भाग धुराबरोबर वर चढतो. वरच्या बाजूला पाईप थंड असतो. तिथे धुरातली वाफ आणि डांबरासारखा चिकट पदार्थ पाईपच्या आतल्या बाजूला धरतो, त्याला काजळी चिकटते, त्यावर पुन्हा थर. ओल्या लाकडाने हे फार लवकर होते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचे असू शकते. म्हणून आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये, फाटी भिजलेली असताना, पाईप सर्वांत वेगाने भरतो.

जरा हिशेब करून पाहा. चार इंची पाईपला आतून चारी बाजूंनी अर्धा इंच थर बसला की तीन इंच मोकळे उरते. वाटते की पावच गेला. पण धूर जायची वाट गोल असते, तिचे माप व्यासाच्या वर्गाने कमी होते. सोळापैकी नऊच भाग उरतात. म्हणजे अर्ध्या इंचाने जवळजवळ निम्मी वाट बंद केली! मग धूर कुठे जाणार? दुसऱ्या भांड्याच्या भोकातून घरात, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात ३२ लाख मृत्यू घरातल्या धुरामुळे झाले. दमा, छातीचा खोकला, लहान पोरांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू. यातले काही ना काही आपल्या प्रत्येक पाड्यावर आहे, फक्त आपण त्याला चुलीशी जोडत नाही. खोकला झाला की हवा बदलली म्हणतो.

कुणी म्हणेल, आता गॅस आला. आला, २०१६ पासून उज्ज्वला योजनेत पुष्कळ घरांत शेगडी आली. पण सिलिंडर संपला की दुसरा आणायला रोख पैसे लागतात, आणि अंघोळीचे पाणी, मोठ्या टोपातला भात, भाकरी हे अजून चुलीवरच होते. तुम्ही-आम्ही एकमेकांशी खोटे कशाला बोलायचे?

उलट आता धोका वाढलाय, आणि याकडे सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मुद्दाम लक्ष द्यावे. जुने घर कुडाचे. कारवीच्या भिंतीला शेणमातीचे लिंपण, वर पेंढा किंवा नळीची कौले. धूर होई, पण हजार फटींतून निघूनही जाई. आता प्रधानमंत्री आवास योजनेतून, शबरी योजनेतून पक्की घरकुले झाली. विटांच्या भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा, आणि थंडीत खिडकी गच्च बंद. आवास योजनेच्या २५ चौरस मीटरमध्ये स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे, पण तिथे मांडलेल्या चुलीचा पाईप तुंबला तर धुराला दुसरी वाटच नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस उठत नाही. थंडीच्या रात्री निखारे ठेवून दार बंद करून झोपणे म्हणून अतिशय वाईट.

दुसरा धोका आगीचा. पाईपमधला तो डांबरी थर जळाऊ असतो. उन्हाळ्यात कोरड्या लाकडाचा मोठा जाळ लागला की थर पेटतो. पाईपमधून घोंघावल्यासारखा आवाज येतो, वरून ठिणग्या उडतात. पेंढ्याच्या छपरावर एक ठिणगी पुरते. असे झाले तर घाबरून पाईपमध्ये पाणी ओतू नका, तापलेला पाईप तडकेल. चुलीतली लाकडे बाहेर ओढा, चुलीची तोंडे ओल्या मातीने किंवा भिजवलेल्या पोत्याने बंद करा म्हणजे आत हवा जाणार नाही. पोरे, गुरे बाहेर काढा, आणि छपरावर पाणी मारा.

आता साफसफाई. यात दोन कामे आहेत आणि दोन्हींची गल्लत करू नये.

एक काम घरचे. चूल पूर्ण थंड असताना पाईपच्या बुडाशी असलेले झाकण काढून राख-काजळी काढणे. लांब बांबूला गोणपाटाचा बोळा घट्ट बांधून खालून जेवढे पोहोचेल तेवढे घासणे. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने. नाका-तोंडाला ओला फडका बांधा आणि नंतर हातपाय साबणाने धुवा. काजळी अंगाला लागणे चांगले नाही, हे जगाला फार पूर्वीच कळले आहे. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यवैद्याने धुरांडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. ही काजळी परसात भाजीला टाकू नका. चुलीतली पांढरी राख वेगळी, तिच्यात पालाश असते, ती टाका. पाईपमधले काळे डांबर खड्ड्यात पुरा.

पाईप ओढतो की नाही हे पाहायचे असेल तर चूल पेटवून थोडी तापू द्या आणि पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडापाशी धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर आला तर पाईप तुंबलाय असे समजा.

दुसरे काम जाणकाराचे, वर्षातून दोनदा: मे महिन्यात पावसाआधी आणि दिवाळीनंतर. वरून वजन बांधलेला काथ्याचा बोळा दोरीने सोडून पाईप पूर्ण घासणे, सांधे आणि तडे पाहणे, वरची टोपी शाबूत आहे का, आत पाखरांचे घरटे किंवा कुंभारमाशीची माती आहे का ते बघणे. पाईपचे तोंड छपराच्या वर निदान दोन हात असावे. पेंढ्यातून पाईप जातो तिथे पेंढा पाईपला टेकता कामा नये, मध्ये पत्र्याचा गाळा हवा. हे ज्याला कळते त्यानेच करावे. जुन्या कौलांवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर हौसेने चढून कंबर मोडून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. आणखी एक: जुने राखाडी सिमेंटचे पाईप बहुधा ॲस्बेस्टॉसचे आहेत. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ते कोरडे खरवडू नका, करवतीने कापू नका. ओले करून हलक्या हाताने घासा. तडकलेला पाईप जमला तर बदलूनच टाका.

आता बियाण्याचे. एका पाड्यावर पाईप साफ करायचा विषय काढला तर एक म्हातारी मला म्हणाली, ‘धूर गेला न् बी पन गेला.’ मला आधी कळेना. मग तिने चुलीवरचा माळा दाखवला. पूर्वी तिथे दोडका-काकडीचे बी, वाल, नागलीची कणसे टांगलेली असत, धुराने त्यांना कीड लागत नसे. छपराच्या बांबूलाही भुंगा लागत नसे. पाईप आला, धूर गेला, आणि वालाला भुंगेरे लागले. तिचे म्हणणे शंभर टक्के खरे होते! आम्ही चूल सांगणारे लोक हे सांगतच नाही. तेव्हा ज्या घरात पाईप नीट चालतो, तिथे बियाण्याची सोय वेगळी करा. भाताचे बियाणे ओलावा १३ टक्क्यांच्या आत आणि कडधान्याचे ९ टक्क्यांच्या आत येईल असे वाळवा. दाताखाली दाणा कट्कन मोडला पाहिजे. वाल-उडीद चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून झाकणाच्या कोठीत ठेवा. बांबू छपराला घालण्याआधी काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा, त्याने त्यातला गोडवा निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. त्या म्हातारीच्या घरी आम्ही वाल राखेत घालून पाहिला. पाईप काढायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

राहिला प्रश्न तो जाणकार माणूस आणायचा कुठून? जर्मनीत प्रत्येक भागाला नेमलेला अधिकृत धुरांडेवाला असतो आणि घरमालकाला तपासणी टाळता येत नाही. आपल्याला एवढे नको. प्रत्येक ग्रामपंचायतीत चूल बांधणारा एखादा गवंडी किंवा बचत गटातली बाई असतेच. जुन्या चूल कार्यक्रमातही गावातल्या माणसांना शिकवून चुली बांधून घेत, फक्त बांधून झाल्यावर त्यांचे काम संपत असे. आता त्याच माणसाला साफसफाईचे काम द्या. आपला भाग पेसाचा आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. पेसाच्या अबंध निधीतून आरोग्य-स्वच्छतेच्या बाबीखाली बांबू, दोऱ्या, शिडी, नाकाचे मास्क एवढे साहित्य घेता येते का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तपासावे. मजुरी घरटी किती, ते ग्रामसभेने ठरवावे. फुकट ठेवू नका, फुकट काम दुसऱ्या वर्षी होत नाही.

ठरावात माणसाचे नाव, मे आणि नोव्हेंबर हे दोन महिने आणि घरटी दर लिहा. आणि त्याच ठरावात शाळेची खिचडी शिजते ती शेड, अंगणवाडी आणि जवळ आश्रमशाळा असेल तर तिचे स्वयंपाकघर घालायला विसरू नका. तिथली चूल आपल्या घरच्या चुलीच्या कितीतरी पट जळते, आणि त्या धुरात आपलीच पोरे जेवायला बसतात.