काजवा कोणता, पिक्सेल कोणता?

मे सरत आला, वळवाचे एक-दोन शिडकावे झाले, की राजमाचीच्या जंगलात काजवे लुकलुकू लागतात. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीकडे जाणारी वाट, श्रीवर्धन-मनरंजन या किल्ल्यांच्या पायथ्याची झाडी, मावळातल्या इतरही गर्द जागा. पाऊस नीट लागला की हा खेळ आटोपतो. म्हणून त्या मोजक्या रात्री ट्रायपॉड घेऊन निघणाऱ्यांची गर्दी होते आणि अनेकांच्या हातात नवाकोरा कॅमेरा असतो.

घरी येऊन फोटो संगणकावर मोठा करून पाहिला की पोटात गोळा येतो. आकाशात, कातळावर, झाडाच्या बुंध्यावर सुईच्या टोकाएवढे लाल, निळे, हिरवे ठिपके! दिवसा काढलेल्या फोटोंत त्यांचा मागमूस नव्हता. कॅमेरा सदोष निघाला की काय?

बहुतेक वेळा तसे नसते. काजव्यांचा फोटो हीच सेन्सरची सर्वांत कठीण परीक्षा असते.

सेन्सर म्हणजे सिलिकॉनची चकती. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तिच्यावर ६००० गुणिले ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल असतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात त्यांतला प्रत्येक जेमतेम सहा मायक्रॉन रुंद असतो. प्रकाशकण सिलिकॉनवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो, पिक्सेल तो साठवतो आणि शेवटी साठा मोजला जातो. अडचण अशी, की इलेक्ट्रॉन सुटायला प्रकाशच लागतो असे नाही, उष्णताही पुरते. पूर्ण अंधारातही प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडे इलेक्ट्रॉन जमत राहतात. स्फटिकाच्या रचनेत जिथे एखादा अणू जागेवरून हललेला असतो किंवा धातूचा परका अणू शिरलेला असतो, तिथे उष्णतेचे काम फार सोपे होते आणि ही गळती कित्येक पटींनी वाढते. हाच हॉट पिक्सेल. गळक्या नळाखालच्या बादलीसारखी त्याची गत असते: क्षणभरात काहीच दिसत नाही, तासाभरात बादली भरते. एक-साठांश सेकंदाच्या फोटोपेक्षा तीस सेकंदांच्या फोटोत अठराशे पट वेळ मिळतो. शिवाय सेन्सरचे तापमान सहा ते आठ अंशांनी वाढले की गळती साधारण दुप्पट होते. मे महिन्याची दमट रात्र, मागचा पडदा सतत चालू, एकामागून एक लांब एक्स्पोजर. कॅमेरा आतून तापतो आणि ठिपके उजळतात.

मग हे ठिपके रंगीत का? प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ मध्ये पेटंट मिळाले. बहुतेक कॅमेरे आजही तीच वापरतात. तिच्यात दर चार पिक्सेलांपैकी दोन हिरवे असतात, कारण आपला डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील आहे. म्हणजे बिघडलेल्या पिक्सेलांपैकीही साधारण निम्मे हिरवे निघणार. काजव्याचा प्रकाशही हिरवट-पिवळा, साडेपाचशे नॅनोमीटरच्या पुढेमागे! लाल-निळे ठिपके लगेच ओळखू येतात. खरी पंचाईत हिरव्यांची.

ती सोडवायची तर लागोपाठच्या दोन फ्रेम शंभर टक्के मोठ्या करून शेजारी ठेवाव्यात. काजव्याचा ठिपका भिंगातून आलेला असतो. त्याच्या कडा विरघळलेल्या असतात, तो अनेक पिक्सेलांवर पसरतो, उडता काजवा असेल तर तुटक रेघ उमटते. पुढच्या फ्रेममध्ये तो दुसरीकडे असतो किंवा नसतोच. हॉट पिक्सेल मात्र धारदार असतो. रंग जुळवण्याच्या गणितामुळे त्याच्याभोवती फार तर बारीकशी फुली दिसते. आणि तो प्रत्येक फ्रेममध्ये नेमका त्याच जागी असतो.

कारखान्यात प्रत्येक सेन्सरमधले दोष शोधून त्यांची यादी कॅमेऱ्याच्या स्मृतीत भरलेली असते. यादीतल्या पिक्सेलच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी वापरली जाते. मात्र कॅमेरा खोक्यात बंद असतानाही वैश्विक किरणांतून निर्माण झालेले न्यूट्रॉन सिलिकॉनमधला एखादा अणू ढकलून देतात. विमानाच्या उंचीवर हा मारा पुष्कळ वाढतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातले कॅमेरे तर अशा ठिपक्यांनी भरून जातात. त्यामुळे नव्या कॅमेऱ्यात चार-दोन हॉट पिक्सेल निघाले तर मन खट्टू करून घेऊ नये.

तक्रार कधी करावी? भिंगाला झाकण लावून आयएसओ १०० वर एक-साठांश सेकंदाचा फोटो घ्या. त्यातही ठिपका लख्ख दिसत असेल तर तो अडकलेला पिक्सेल. उजळ भिंतीच्या फोटोत काळाच राहणारा ठिपका म्हणजे मेलेला पिक्सेल, पण भिंग बदलून किंवा सेन्सर साफ करून तो धूळकण नाही ना, हे आधी पाहा. हे दोन्ही प्रकार हमीच्या मुदतीत सेवाकेंद्रात दाखवावेत. केवळ तीस सेकंदांच्या फोटोत दिसणारे ठिपके घरीच निस्तरता येतात. ऑलिंपस, सोनी, निकॉन यांच्या अनेक मॉडेलांत ‘पिक्सेल मॅपिंग’ ही सोय असते. ती चालवली की कॅमेरा स्वतःची दोषयादी नव्याने बनवतो.

जंगलात मात्र वेगळी युक्ती लागते. कॅमेऱ्यात ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ असते. प्रत्येक फोटोनंतर तो तेवढाच वेळ शटर बंद ठेवून काळी फ्रेम घेतो आणि ती मूळ फोटोतून वजा करतो. युक्ती अचूक आहे, पण निम्मी रात्र त्यातच जाते, आणि काजव्यांच्या दाटीचा काळ आधीच थोडा. माझे मत स्पष्ट आहे: ती सोय बंद ठेवावी आणि शेवटी झाकण लावून त्याच जागी, त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांच्या काही काळ्या फ्रेम घ्याव्यात. घरी येऊन फ्रिजजवळ घेतलेल्या फ्रेम चालत नाहीत. तापमान जुळावे लागते. वेधशाळांतही हीच शिस्त असते. तिथे कॅमेरे शून्याखाली शंभर-एक अंशांपर्यंत गार करतात. सप्टेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणात १६,३८४ पिक्सेल आहेत. त्याच्या माहितीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत प्रक्रिया होते, आणि तिथेही गोंगाट करणारे पिक्सेल हेरून वगळावेच लागतात.

काळी फ्रेम वजा करण्याचे काम फ्रेम एकत्र करण्याआधीच व्हायला हवे. काजव्यांनी लखलखलेली जी झाडे आपण पाहतो ती बहुधा अनेक फ्रेम ‘लाइटन’ पद्धतीने एकावर एक चढवून बनवलेली असतात. या पद्धतीत प्रत्येक जागी सर्वांत उजळ बिंदू टिकतो. म्हणजे प्रत्येक फ्रेमचे काजवे येतात, आणि एकही हॉट पिक्सेल सुटत नाही. नंतर ठिपके हाताने पुसत बसलात तर एखादा दूरचा, मंद काजवाही पुसला जातो. काजवे किती उरले, हे जाणून घ्यायला उद्या कोणी हेच फोटो चाळेल. म्हणून मूळ फ्रेम आणि काळ्या फ्रेम एकत्र जपाव्यात आणि चित्राखाली किती फ्रेम जोडल्या ते लिहावे. मोजदाद करणाऱ्याला चाळीस फ्रेमचे काजवे एकाच क्षणाचे वाटता कामा नयेत.