जोयड्याच्या रानाला कोणता कुत्रा मानवेल?

भात पोटरीला आल्यापासून कापणी होईपर्यंत जोयडा तालुक्यातील शेतकऱ्याची रात्र जागरणात जाते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाचे पीक लोळवून जातो, साळिंदर कुणब्यांच्या कंदांच्या वाफ्यांत शिरते, गवे कुंपण मोडून बागायतीत उतरतात. गावापासून तुटलेल्या एकाकी घराला अशा वेळी पहिला इशारा मिळतो तो कुत्र्याकडून. साहजिकच नवे पिल्लू आणताना प्रश्न उभा राहतो, की अंगणातला गावठी कुत्रा पुरेसा आहे, की मुधोळच्या वेगवान जातीचे रक्त त्यात मिसळावे? आणि मिसळायचे झाल्यास किती?

हा प्रश्न जगात अन्यत्र फार पूर्वी विचारला गेला आहे. इंग्लंडमध्ये नजरेने सावज टिपून धावणाऱ्या ग्रेहाउंडसारख्या जातीचा दुसऱ्या कामकरी जातीशी संकर करून जो कुत्रा तयार होतो, त्याला ‘लर्चर’ म्हणतात. लर्चर ही एक जात नव्हे, ती संकराची एक रीत आहे. ग्रेहाउंडला वेग असतो, पण सोशीकपणा आणि आज्ञाधारकता बेताची. म्हणून त्यात मेंढपाळाच्या कोली कुत्र्याचे रक्त घालून समज वाढवली गेली. खरखरीत केस आणि जिद्द हवी असेल तेव्हा बेडलिंग्टन टेरियर, दमदारपणा हवा असेल तेव्हा सलुकी आणि आकार हवा असेल तेव्हा डीअरहाउंड वापरला गेला. यातला धडा एवढाच, की आधी काम आणि भूभाग ठरवावा आणि त्यानंतर रक्ताचे प्रमाण. जोयड्यातही विचार याच क्रमाने व्हायला हवा.

मैदानाचा धावपटू

आपल्याकडचा वेगाचा वारसा कारवानी कुत्र्याकडे आहे. मराठवाडा, सोलापूर, सांगली या पट्ट्यात त्याला कारवानी म्हणतात, तर उत्तर कर्नाटकात तोच मुधोळ नावाने ओळखला जातो. मुधोळचे संस्थानिक घोरपडे यांनी या जातीला राजाश्रय दिला. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी चार देशी श्वानजातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र या जातीच्या संवर्धनाचे काम करते. लष्करानेही मेरठ येथील आपल्या केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षण दिले आहे.

मात्र हा कुत्रा घडला तो दख्खनच्या उघड्या माळावर. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, पातळ त्वचा, आखूड केस आणि अंगावर चरबी जवळजवळ नाही, अशी त्याची ठेवण असते. दूरवर हललेला ससा त्याला दिसतो आणि मोकळ्या जमिनीवर तो क्वचितच हातचा सुटतो. जोयड्यात यातील बहुतेक गुणांना वाव मिळत नाही. येथे नजर पंधरा-वीस पावलांवर झाडोऱ्याला अडते. पूर्ण वेगात धावणारा कुत्रा करवंदीच्या जाळीत, तोडलेल्या बांबूच्या खुंटांवर किंवा ओल्या जांभ्यावर स्वतःलाच जखमी करून घेतो आणि पातळ कातडी साध्या काट्यानेही उसवते. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस अंगावर चरबी नसलेल्या प्राण्याला बाधतो. शिवाय नजरेने पाठलाग करणारे कुत्रे स्वभावतः मुकाट असतात. शेताच्या राखणीत वेगापेक्षा आवाजाला किंमत जास्त, कारण माळ्यावरच्या माणसाला जागे करणे हेच तिथले मुख्य काम.

गावठीचे बळ

ज्याला आपण सहजपणे ‘गावठी’ म्हणून हिणवतो, तो कुत्रा या भूभागाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेला आहे. मध्यम बांधा, घट्ट पंजे, दाट पण आखूड केस, तल्लख नाक आणि परक्या चाहुलीला तत्काळ भुंकण्याची सवय हे त्याचे भांडवल आहे. बेताच्या अन्नावर तो तगतो आणि वयात येईपर्यंत जे पिल्लू जगते, ते इथल्या ओलीला व परजीवींना तोंड देऊनच जगलेले असते. त्याच्या उणिवाही आहेत. एकाच वेतातील दोन पिल्लांत स्वभावाचा मोठा फरक पडतो, काही भित्री निघतात, काही भटकी होतात.

संकराचा हिशेब या दोन टोकांच्या मध्ये मांडावा लागतो. कारवानी आणि गावठी यांची पहिली पिढी, म्हणजे निम्मे-निम्मे रक्त, बहुधा एकसारखी व सुदृढ निपजते. भिन्न रक्ताच्या मीलनातून येणारा हा जोम पशुपालनात सर्वपरिचित आहे. परंतु याच संकरित नर-मादीची आपसांत पैदास केली की गुण विखुरतात. एखादे पिल्लू आजोळच्या कारवानीवर जाते, एखादे पूर्ण गावठी, तर एखाद्यात दोहोंकडचे दोष एकवटतात. म्हणून पहिल्या पिढीचे यश पाहून दुसऱ्या पिढीची हमी देणाऱ्या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

जोयड्यासारख्या प्रदेशात अधिक सयुक्तिक ठरतो तो पाव हिस्सा कारवानी रक्ताचा कुत्रा, म्हणजे पहिल्या पिढीच्या संकराला पुन्हा चांगल्या गावठीशी जुळवून मिळालेले पिल्लू. त्यात पायांची लांबी आणि चपळाई थोडी वाढते, पण कातडी, आवाज आणि घराशी असलेली बांधिलकी गावठीची राहते. खानापूर-हल्याळकडच्या मोकळ्या शेतजमिनीवर निम्मे-निम्मे रक्त चालू शकेल. अणशी किंवा कॅसलरॉकच्या बाजूला मात्र पाव हिस्साही पुष्कळ झाला. सड्यावर जनावरे राखणाऱ्या धनगर-गवळ्यांकडची एखादी शहाणी कुत्री मिळाल्यास कारवानी रक्ताची गरजच उरणार नाही, कारण गुरांबरोबर राहण्याची आणि धन्याचे ऐकण्याची सवय तिच्या पिल्लांना आईकडूनच लागते.

शहरी जातींचे मिश्रण येथे फारसे उपयोगी नाही. जर्मन शेफर्डचा दाट दुहेरी केसाळपणा पावसाळ्यात वाळत नाही, कातडीचे रोग होतात आणि गोचीड लपून राहते. लॅब्रडॉर परक्याचेही स्वागत करतो आणि भरपूर अन्न मागतो. पिटबुलसारख्या लढाऊ जातींचे रक्त मिसळणे तर घरातील मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या गुरांच्या जिवाशी खेळणे आहे.

कायद्याची लक्ष्मणरेषा

या साऱ्या विवेचनात ‘शिकारी कुत्रा’ हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण शिकार आता कायद्याने बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील शिकारीची व्याख्या केवळ ठार मारण्यापुरती नाही. पकडणे, फासे लावणे, हाका घालून हुसकणे, आमिष दाखवणे यांबरोबरच कुत्रे सोडून सावजाचा पाठलाग करणेही तिच्यात येते. असा प्रयत्न करणे हादेखील गुन्हाच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. कायद्याच्या सर्वसाधारण भंगाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान वा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील गुन्ह्याला शिक्षा याहून कडक आहे.

जोयड्याला ही बाब विशेष लागू पडते. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. तालुक्यातील कितीतरी वाड्या या जंगलाच्या आत किंवा कडेला आहेत. पलीकडे गोव्यात भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये पसरली आहेत. रानात सावजामागे गेलेला कुत्रा राज्याची सीमा ओळखत नाही, पण दोन्ही बाजूंना कायदा एकच आहे. पूर्वी सणानिमित्त निघणाऱ्या सामूहिक पारधीच्या आठवणी या भागातील जुन्या पिढीकडे असतील. त्या आठवणींवर आज कुत्रा निवडता येणार नाही.

इंग्लंडमध्येही असेच घडले. एकेकाळी चोरट्या शिकाऱ्याचा साथीदार म्हणून बदनाम असलेल्या लर्चरला २००४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये सशाचा पाठलाग करण्यास मनाई झाली. जोयड्यातील संकराची निवडही पाठलागाऐवजी राखणीच्या निकषावर व्हायला हवी. पिकाची हानी करणाऱ्या जनावराविरुद्ध कारवाई हवी असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि पीकहानीच्या भरपाईसाठी वन खात्याकडे अर्ज करता येतो. कुत्र्याने त्या कामात पडू नये.

रानालाही धोका

कुत्रा जंगलात मोकाट फिरला तर बिबट्याच्या तोंडी पडतो, हे सर्वांना ठाऊक असते. उलट दिशेचा धोका तितकासा लक्षात येत नाही. पाळीव कुत्र्यांतील डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार वन्य मांसाहारी प्राण्यांना होतो. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत या रोगाने सिंहांचा मोठा संहार केला आणि २०१८ मध्ये गीरमध्ये दगावलेल्या सिंहांतही हा विषाणू आढळला. काळीच्या जंगलात कोळसुंद्यांचे, म्हणजे रानकुत्र्यांचे कळप आहेत. जगभरात संकटग्रस्त ठरलेल्या या प्राण्याचे पाळीव कुत्र्याशी जवळचे नाते असल्याने डिस्टेंपर आणि रेबीज दोन्ही त्याला सहज बाधतात. लस न दिलेला एक भटका कुत्रा संपूर्ण कळपाचा काळ ठरू शकतो.

माणसालाही जपावे लागते. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये आढळलेला माकडताप पुढे उत्तर कन्नड आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यापर्यंत पोहोचला. हा रोग गोचिडींमार्फत पसरतो आणि रानात हुंदडून आलेला कुत्रा गोचिडी घरात आणतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोज कुत्र्याचे कान, काखा व बोटांच्या बेचक्या तपासणे म्हणूनच घराच्या आरोग्याचा भाग आहे.

पिल्लू पाहताना

प्रत्यक्ष निवडीच्या वेळी नावापेक्षा आई पाहावी. ती घराभोवती कशी वावरते, अनोळखी माणसाला पाहून भुंकते की लपते, कोंबड्या-वासरांत शांत राहते का आणि हाक मारताच परतते का, हे अर्धा तास बसून पाहिले तरी पुष्कळ कळते. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. श्वानपैदास व विक्रीच्या २०१७ च्या नियमांतही त्याआधी पिल्लू विकण्यास मनाई आहे. आठ आठवड्यांच्या सुमारास डिस्टेंपर व पार्व्होची पहिली लस, पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने वर्धक मात्रा आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी. रेबीजची लस पुढे दरवर्षी चुकवू नये. पैदास करायची नसेल तर वेळीच निर्बीजीकरण केल्यास भटकण्याची ओढ कमी होते आणि नको असलेली पिल्ले रानाच्या कडेला टाकून देण्याची वेळ येत नाही.

संगोपनात तीन सवयी महत्त्वाच्या आहेत. पहिली, हाकेला परतणे. सहा महिन्यांच्या आत ही सवय लागली नाही, तर पाठलागाची उपजत ओढ वरचढ होते. दुसरी, गुरे, शेळ्या आणि कोंबड्या ‘आपल्या’ आहेत हे पिल्लाला लहानपणीच शिकवणे. तिसरी, रात्री कुत्रा माणसाजवळ, माळ्याखाली किंवा पडवीत बंदिस्त जागी ठेवणे. एकटा कुत्रा शेताच्या टोकाला बांधून ठेवणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण होय. त्याने तेथून भुंकून सावध करावे. पुढचे काम बत्ती, आरडाओरड आणि कुंपणाचे.

ज्याला खरोखर वेगवान कुत्र्याची हौस आहे, त्याने मुधोळचे शुद्ध पिल्लू मोकळ्या मुलखात पाळावे. जोयड्याच्या शेतकऱ्याला हवा तो कुत्रा जो पहाटेपर्यंत जागा राहील, वेळेवर भुंकेल आणि हाक ऐकून कुंपणाच्या आत परतेल. असा कुत्रा बहुतेक वेळा शेजारच्या वाडीतच जन्मलेला असतो.