किनारा ओलांडल्यानंतर

11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ हे चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले, आणि 28 सप्टेंबर 2021 रोजी पूर्व किनाऱ्यापासून शेकडो कोसांचा भूप्रदेश आक्रमीत आलेल्या ‘गुलाब’ वादळाच्या अवशेषाने मांजरा व तेरणा या नद्यांचे काठ बुडविले. या दोन घटनांमधील बारा वर्षांचा मागोवा घेत असताना माझे एक मत उत्तरोत्तर दृढ होत गेले, ते असे की वादळांविषयी जे शिकावयाचे होते त्याचा पूर्वार्ध महाराष्ट्राने उत्तम प्रकारे आत्मसात केला, परंतु उत्तरार्धास त्याने अद्याप पुरता हात घातलेला नाही. वादळ येण्यापूर्वी माणसे हलविण्याची विद्या आपण मिळविली; पण किनारा ओलांडून ते आत शिरल्यावर जे घडते, आणि ते विरून गेल्यावरही वर्षानुवर्षे जे भोगावे लागते, त्याची तजवीज करणारी व्यवस्था आपण उभी केली नाही.

याचे मूळ आपल्या इशारापद्धतीच्या इतिहासातच सापडते. 1864 साली कलकत्त्यावर कोसळलेले चक्रीवादळ आणि पुढे 1866 व 1871 या सालांतील पर्जन्याची अवकृपा या आपत्तींच्या अनुभवातून 1875 मध्ये हवामान खाते स्थापन झाले. वादळाच्या वार्तेची पहिली निकड बंदरांना आणि गलबतांना होती, आणि म्हणूनच कोकणातील कोळीवाड्यांत आजही वादळाची गोष्ट निघाली की बंदरावर कितव्या नंबरचा बावटा चढला आहे, हेच प्रथम विचारले जाते. घाटमाथ्यापलीकडच्या कास्तकारासाठी असा कोणताही बावटा नव्हता. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर अशी वादळे विरळा. 1948 च्या नोव्हेंबरात मुंबईला झोडपून गेलेल्या वादळाची आठवण वृद्धांच्या बोलण्यातूनही हळूहळू पुसट झाली, आणि चक्रीवादळ हा आंध्र आणि ओडिशा यांच्याच ललाटीचा भोग आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली.

त्या समजुतीला पहिला हादरा फयानने दिला. नोव्हेंबर हा मासेमारीच्या ऐन हंगामाचा महिना. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अनेक नौका तेव्हा खोल समुद्रात होत्या, आणि त्यांवरील कित्येक खलाशी घरी परतले नाहीत. त्या शोकातून आपण जो धडा घेतला तो समुद्रापुरता होता: नौकांपर्यंत इशारा वेळेवर पोचला पाहिजे, नौका वेळेवर बंदरात आल्या पाहिजेत. धडा योग्यच होता, आणि पुढे त्याचे सुफळ दिसलेही. पण तो किनाऱ्यावरच थांबला.

वादळाचे जमिनीवरील आचरण समजून घेतल्यास ही मर्यादा किती घातक आहे ते ध्यानात येते. सुमारे 26 ते 27 अंश सेल्सियसहून अधिक तापलेल्या समुद्रपृष्ठावरून वर चढणारी वाफ हे चक्रीवादळाचे इंधन होय. किनारा ओलांडताच तो पुरवठा तुटतो, भूपृष्ठाशी होणाऱ्या घर्षणाने आवर्त शिथिल होते, आणि वाऱ्याचा वेग काही तासांत उतरू लागतो. परंतु समुद्रावरून आणलेला बाष्पाचा संचय तेवढ्या त्वरेने सरत नाही. उलट, आवर्ताची गती जेथे मंदावते तेथे पाऊस एकाच खोऱ्यावर रेंगाळतो, आणि ज्याला कागदोपत्री ‘कमी दाबाचे क्षेत्र’ एवढेच सौम्य नाव उरलेले असते, ते नद्यांना एका रात्रीत पात्राबाहेर काढते.

वादळाने किनारा गाठलाच पाहिजे असेही नाही, हे 2019 ने दाखविले. त्या वर्षी अरबी समुद्रात ‘वायू’, ‘हिका’, ‘क्यार’, ‘महा’ आणि ‘पवन’ अशी पाच चक्रीवादळे उठली. त्यांपैकी क्यार आणि महा महाराष्ट्राच्या भूमीवर आली नाहीत. तथापि त्यांच्या प्रभावाने ऑक्टोबरअखेरीस आणि नोव्हेंबरात पडलेल्या अवकाळी पावसाने कापणीस आलेली पिके शेतातच कुजली आणि नाशिकच्या द्राक्षबागांना मोठा फटका बसला.

आणि मग 3 जून 2020 हा दिवस उजाडला. महामारीची टाळेबंदी असताना ‘निसर्ग’ वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने किनाऱ्यावर आदळले. इशारा अचूक होता, नौका बंदरात होत्या, रायगड जिल्ह्यातील हजारो माणसे आधीच सुरक्षित स्थळी नेलेली होती, आणि त्यामुळे मनुष्यहानी अत्यल्प राहिली. शासनाच्या अंमलदारांचे हे यश मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु वादळ तेथे थांबले नाही. ते घाट चढून पुणे जिल्ह्यात आले, मावळ-जुन्नरकडील हरितगृहे त्याने फाडली, शाळांची आणि घरांची पत्र्याची छपरे उडविली, आणि नाशिक-विदर्भाच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी त्याचे सामर्थ्य ओसरले. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसाला चक्रीवादळ आपल्या दारी येईल अशी कल्पना कोणी दिली होती, आणि दिली असली तरी छपराला दोर कोठे बांधावा हे त्याला कोणी शिकविले होते?

किनाऱ्यालगतच्या तालुक्यांची कथा याहून दीर्घ आहे. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आडवे झाल्याने कित्येक गावे आठवडेच्या आठवडे काळोखात राहिली. कौले उडालेल्या घरांवर मृगाचा पाऊस येऊन ठेपला, आणि टाळेबंदीमुळे पत्रा, ताडपत्री व सुतार यांपैकी काहीच सुलभ नव्हते. पण खरा आघात झाला तो वाड्यांवर. कोकणातील वाडी ही पिढ्यांनी रचलेली सृष्टी असते: वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेला मिरीचा वेल, आणि त्या सावलीत वाढणारे जायफळ. श्रीवर्धनी रोठा ही नामांकित सुपारी अशाच वाड्यांतून बाजारात जाते. पोफळ एकदा मोडली की नव्या रोपास फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात, भर उत्पन्नास त्याहून अधिक. आणि सावली गेल्यामुळे वादळाने उभे ठेवलेले जायफळही उन्हाने करपते. एका दुपारच्या वाऱ्याने दहा वर्षांची मिळकत नेली, असे येथील बागायतदार म्हणतो तेव्हा त्यात अतिशयोक्तीचा लवलेश नसतो.

अशा हानीपुढे आपले पंचनाम्याचे दप्तर अपुरे पडले. नुकसानभरपाईचे माप हेक्टरी, आणि वाड्या मात्र काही गुंठ्यांच्या, त्यातही भाऊबंदांत वाटल्या गेलेल्या व सातबाऱ्यावर अनेक नावे असलेल्या. त्यामुळे शेकडो झाडे गमावणाऱ्या कुटुंबाच्या पदरात पडणारी रक्कम पडलेली झाडे तोडून हलविण्यासही पुरली नाही. माड-पोफळींची भरपाई झाडागणिक द्यावी, ही मागणी त्यातूनच उठली आणि शासनाने ती पुढे मान्यही केली. हे पाऊल स्तुत्य होय. तरीही पंचनामा हा एका दिवसाचा दाखला असतो, आणि वाडीचे नुकसान अनेक वर्षे चालू राहणारे असते. या दोहोंतील अंतर भरून काढणारी तरतूद नियमांत आली नाही.

पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले. त्याने आंब्याचा हंगाम उधळला, मुंबई हायजवळ ‘पी-305’ ही तराफानौका बुडून अनेक कामगारांचा अंत झाला, आणि 17 मेच्या रात्री दीवच्या जवळ जमिनीवर आलेल्या त्या वादळाच्या अवशेषाने थेट दिल्लीत 20 मेच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत 119 मिलीमीटर पाऊस पाडला. समुद्र ज्या नगरीने कधी पाहिला नाही, तिनेही त्या समुद्राचे पाणी अनुभवले.

परंतु अंतर्भागाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बोध पूर्वेकडून आला. 13 ऑक्टोबर 2020 रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेला तीव्र कमी दाबाचा पट्टा चक्रीवादळाच्या पदवीसही पोचलेला नव्हता. पण त्याने हैदराबाद जलमय केले, सोलापूर जिल्ह्यात भीमा-नीरेला पूर आणला, आणि पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचे प्राण गेले. पुढच्या वर्षी 26 सप्टेंबरला कलिंगपट्टणमच्या उत्तरेस आलेल्या गुलाब वादळाने तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असा प्रवास केला, काढणीस आलेले सोयाबीन पाण्याखाली घातले, उमरखेडजवळच्या नाल्याच्या पुरात एस.टी.ची बस वाहून जाऊन प्रवासी दगावले, आणि अरबी समुद्रात उतरून त्याच अवशेषाने ‘शाहीन’ या नावाने पुनर्जन्म घेतला व 3 ऑक्टोबरला ओमानचा किनारा गाठला. दोन समुद्रांना जोडणारा हा मार्ग आपल्या शेतांवरून जातो.

वस्तुतः हवामान खात्याच्या चार टप्प्यांच्या इशारापद्धतीतील अखेरचा टप्पा याच प्रयोजनासाठी आहे: वादळ किनारा गाठण्याच्या किमान 12 तास अगोदर ते पुढे कोठे जाईल आणि आतील भागांत कोणते संकट आणील याचे अनुमान त्यात दिलेले असते. हे अनुमान जिल्ह्याच्या कचेरीत येऊन फाईलबंद न होता तलाठ्यामार्फत गावोगावच्या चावडीपर्यंत गेले पाहिजे. ते आले की ओढ्या-नाल्यांवरील सखल पूल पाणी चढण्यापूर्वीच बंद करून तेथे पहारा बसविला पाहिजे. जीर्ण भिंतींच्या आश्रयाने राहणाऱ्यांना किनाऱ्यावरील कोळ्याइतक्याच तत्परतेने हलविले पाहिजे. आणि फळबागांच्या बाबतीत पंचनामा दरसाल पुन्हा पाहून, नवी लागवड फळास येईपर्यंत साहाय्य चालू ठेवण्याचा कायमचा नियम केला पाहिजे. ज्या यंत्रणेने महामारीच्या ऐन भरात एका दिवसात हजारो जीव सुरक्षित केले, तिला हे अशक्य आहे असे मला वाटत नाही. वादळाची हद्द मात्र तिने किनाऱ्यावर न आखता, त्याचे पाणी जेथवर पोचते आणि त्याचे नुकसान जितकी वर्षे टिकते, तेथवर नेऊन आखली पाहिजे.