पचनमार्गाचे अंतर्दर्शन आणि रेणूंची ओळख

१९५७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात बॅसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंचा लवचीक अंतर्दर्शक प्रथम उपयोगात आणला आणि जठराचे अस्तर प्रत्यक्ष न्याहाळणे सुकर झाले. तथापि या साधनाला एक स्वाभाविक मर्यादा आहे. शुभ्र प्रकाशात दिसतो तो पृष्ठभागाचा रंग व आकार. कर्करोगाचा प्रारंभ मात्र पेशींतील रेणूंच्या फेरबदलाने होतो. आणि असा भाग पुष्कळदा सपाट व सभोवतालच्या अस्तरासारखाच असतो.

बॅरेट अन्ननलिका या विकारात ही अडचण विशेष जाणवते. जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिल्याने अन्ननलिकेच्या खालच्या भागाचे अस्तर पालटते व काही रुग्णांत पुढे तेथे कर्करोग उद्भवतो. धोक्याची जागा ओळखू येत नसल्यामुळे दर एक-दोन सेंटिमीटरांवर चारही बाजूंनी अस्तराचे लहान तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. दोन तुकड्यांच्या मधला रोग अर्थातच निसटू शकतो.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजे रेणवीय प्रतिमांकन होय. रोगट पेशीच्या पृष्ठावरील विशिष्ट रेणूला चिकटणारा दुसरा रेणू, उदाहरणार्थ एखादे पेप्टाइड किंवा प्रतिपिंड, निवडावयाचा व त्याला फ्लुओरेसीनसारखा रंजक जोडावयाचा. निळा प्रकाश पडला असता फ्लुओरेसीन हिरवा प्रकाश बाहेर टाकते. हे द्रावण अस्तरावर फवारून न चिकटलेला अंश धुऊन टाकला, की लक्ष्य-रेणू असलेली जागा उजळून दिसते.

२००८ साली स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी सात अमिनो आम्लांचे असे एक पेप्टाइड मोठ्या आतड्यात वापरले. कर्कपूर्व भागांपैकी शेकडा ८१ भाग त्याने ओळखले, तर निरोगी भागांपैकी शेकडा ८२ भाग निरोगी ठरविले. २०१२ साली केंब्रिज येथील संशोधकांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या अन्ननलिकांवर गव्हाच्या अंकुरातील लेक्टिन हे प्रथिन वापरले. ते पेशीपृष्ठावरील शर्करांना चिकटते. विकृतीत या शर्करा पालटतात व ते कमी चिकटते. येथे उजेड नव्हे, तर अंधार हीच रोगाची खूण ठरते.

याहून महत्त्वाचा प्रश्न उपचाराचा आहे. क्रोन रोगात टी.एन.एफ. या दाहकारक प्रथिनाला रोधणारी औषधे काहींना गुणकारी ठरतात, काहींना नाही. २०१४ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे २५ रुग्णांच्या आतड्यावर त्याच औषधाचे प्रतिपिंड रंजक जोडून लावण्यात आले. ज्यांच्यात त्याला चिकटणाऱ्या पेशी विपुल आढळल्या, त्यांपैकी शेकडा ९२ जणांना बारा आठवड्यांत उपचाराचा गुण आला. ज्यांच्यात त्या थोड्या होत्या, त्यांपैकी केवळ शेकडा १५ जणांना. औषध देण्यापूर्वीच त्याचा उपयोग होईल की नाही, हे आतड्याच्या अस्तरावरून सांगता येण्याची शक्यता यातून दिसते.

अर्थात २५ रुग्णांवरून सर्वसाधारण नियम बांधता येत नाही. शिवाय एक रेणू एकाच खुणेचा शोध घेतो, आणि सर्वच अर्बुदांवर ती खूण असेल असे नाही. कोठे पाहावे हे प्रकाश सांगेल. रोग कोणता, याचा निर्णय मात्र आजही सूक्ष्मदर्शकाखालील तुकड्यावरच अवलंबून आहे.