मोसंबीची मूळकूज

मोसंबीची मूळकूज झाडावर दिसू लागते तोवर जमिनीखालची तंतुमुळे बरीचशी गेलेली असतात. पाने फिकट होतात, शिरा पिवळ्या पडतात, शेंडे वाळतात. असे झाड एखाद्या बहाराला नेहमीपेक्षा जास्तच फुलते, पण फळे बारीक राहतात. पिवळेपणा पाहून पाणी वाढवले जाते, आणि रोगाला तेच हवे असते.

रोगकारक फायटोफ्थोरा. त्याला बुरशी म्हणतात, पण नात्याने तो तपकिरी शेवाळांच्या जवळचा. म्हणूनच कार्बेन्डाझिमसारखे नेहमीचे बुरशीनाशक त्याच्यावर चालत नाही. मेटालॅक्झिल किंवा फोसेटिल-एएल लागते. ओल्या मातीत त्याचे शेपटीवाले बीजाणू मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांच्या मागावर पोहत जातात. माती सुकली की जाड भिंतीचे बीजाणू वर्षानुवर्षे पडून राहतात. मराठवाड्यातल्या भारी, निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात त्यांचे फावते.

झाडाची तपासणी खोडाजवळ करत नाहीत. फांद्यांच्या घेराखाली खुरप्याने वीतभर माती उकरून तंतुमुळे चिमटीत धरून ओढतात. निरोगी मूळ पांढुरके आणि घट्ट असते. कुजलेल्याची साल बोटांत मोज्यासारखी निघून येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. बुंध्याच्या सालीतून डिंक ओघळत असेल तर तो याच रोगकारकाचा दुसरा अवतार, डिंक्या. खात्रीसाठी प्रयोगशाळेत मातीवर पाणी घालून त्यात पानांचे तुकडे तरंगत ठेवतात. पोहणारे बीजाणू या आमिषाला चिकटतात. मग ते तुकडे खास माध्यमावर ठेवून वाढ पाहतात.

  

मोसंबीच्या रोगकारकाच्याच वंशातल्या फायटोफ्थोरा अ‍ॅगाथिडिसिडाने न्यूझीलंडमधले कौरी हे मूळचे सूचिपर्णी वृक्ष मारायला घेतले आहेत. त्या जातीला नाव २०१५ मध्ये मिळाले. तिथला रोग चिखलाबरोबर फिरतो, मग तो बुटाला लागलेला असो की रानडुकराच्या खुराला. २०१८ मध्ये ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरातल्या जंगलाचा मोठा भाग लोकांसाठी बंद झाला. उघड्या असलेल्या वाटांवर बूट घासून, जंतुनाशक मारून मगच पुढे जायचे. अख्ख्या रानाला औषधाची आळवणी कोण घालणार?

बागेत निदान पाण्यावर ताबा ठेवता येतो. दुहेरी आळे केले की ओल आतल्या बांधाबाहेरच राहते आणि बुंधा कोरडा राहतो. पावसाळ्यात ओळींमधून चर काढतात. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलेला असतो.

तरी खरा वाहक बहुधा रोपवाटिकेतली पिशवीच. दूषित मातीचे रोप ट्रकने शंभर कोस जाते, बीजाणू स्वतःहून पोहतो तो हातभरही नाही. म्हणून पिशवी भरायची माती आधी पारदर्शक प्लॅस्टिकखाली उन्हात तापवावी. खुंट शक्यतो रंगपूर लिंबाचा घ्यावा, कारण जंबेरीचा खुंट या रोगाला लवकर बळी पडतो. डोळा जमिनीपासून सुमारे ९ इंचांवर बांधलेला असावा, आणि लावताना कलमाचा सांधा मातीत गाडला जाऊ नये.